घुमटाच्या आत राहिलेला हुकूम

त्या शाळेच्या वेळापत्रकात नागरिकशास्त्राचा तास शुक्रवारी शेवटचा असायचा. शेवटचा म्हणजे दप्तरं भरलेली, बुटांच्या नाड्या आवळलेल्या आणि सगळ्यांचे कान घंटेकडे. विषय वीस गुणांचा, इतिहासाच्या पुस्तकाच्या शेपटाला डबा बांधावा तसा मागे बांधलेला. इतिहासाचे सर माणूस वाईट नव्हते, पण त्यांचा सगळा जीव लढायांत. राजे संपता संपायचे नाहीत आणि नागरिकांची पाळी येईपर्यंत परीक्षा दारात उभी. मग सर सांगायचे, हक्क सात ओळींत, कर्तव्यं पाच ओळींत, घरी पाठ करा, हमखास विचारतात. मुलं पाठ करायची, वीसपैकी अठरा मिळवायची, आणि दुसऱ्या दिवशी कुणी विनाकारण मैदानात उभं केलं तर गुमान उभी राहायची. अठरा गुण खिशात आणि डोक्यावर ऊन.

हे सगळं रोज पाहणारा एक माणूस त्या शाळेत होता, आणि त्याला पगार शिकवण्याचा मिळत नव्हता. तो शिपाई होता. घंटा द्यायची, पाण्याच्या टाकीचं झाकण बघायचं, खडू पोचवायचे, आणि मुख्याध्यापिकांची सूचना-वही वर्गावर्गांतून फिरवायची. ही वही लांबुडकी, जाड पुठ्ठ्याची. वरून आलेला कुठलाही हुकूम त्यात चिकटवला जायचा, खाली शिक्षकांच्या नावांची यादी, आणि प्रत्येकाने ‘वाचले’ म्हणून सही करायची. ही वही तीस वर्षं याच्या काखेत होती, म्हणून मुलं त्याला वहीमामा म्हणायची. बायको म्हणायची, "पगार वही फिरवायचा आणि ऐट न्यायाधीशाची." ती कपडे शिवायची. तोंडात टाचणी धरूनही तिला टोमणा मारता यायचा.

ऐट मात्र होती, आणि ती आली कुठून हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

वहीमामाने शाळा सहावीत सोडली होती. चोविसाव्या वर्षी नोकरीला लागला तेव्हा तिथे एक मुख्याध्यापिका होत्या, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. मोठ्या बाईंची एक पद्धत होती, दुसऱ्या कुठल्या शाळेत नव्हती. जो वही नेतो त्यानेच ती वर्गात उभं राहून वाचायची. शिक्षकाने नाही, शिपायाने. त्या म्हणायच्या की शिक्षक वाचतो तेव्हा मुलांना वाटतं हा सरांचाच हुकूम आहे. शिपाई वाचतो तेव्हा कळतं की हुकूम कुठून तरी आलाय, आणि तो सरांनाही लागू आहे.

पहिल्याच दिवशी सातवीच्या वर्गात वहीमामा ‘अनिवार्य’ या शब्दावर अडला. तीनदा सुरुवात केली, तीनदा घसरला. पोरं बाकांखाली तोंड घालून हसली. कानशिलं तापलेली घेऊन तो बाईंसमोर गेला आणि म्हणाला की हे काम आपल्याला जमायचं नाही, झाडू द्या. बाईंनी झाडू दिला नाही. अडलेला शब्द कागदावर लिहून दुपारी घेऊन ये, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. बाई डबा खायच्या आणि हा समोर उभा राहून शब्द दाखवायचा. प्रथम उभा, महिनाभराने खुर्चीवर. अनिवार्य म्हणजे टाळता न येणारं. वंचित म्हणजे ज्याला मिळायला हवं होतं आणि दिलं गेलं नाही तो. एकदा त्याने विचारलं की हे लोक साधं का लिहीत नाहीत. बाई घास गिळून म्हणाल्या, "कुठलाही कागद आला की तीन गोष्टी बघ. कुणी काढला, कुणाला लागू, कधीपासून. एवढं कळलं की उरलेली भाषा नुसती भीती घालायला असते."

सहावी नापास माणसाच्या हातात कुणी कंदील द्यावा तसं झालं ते. पुढची नऊ वर्षं तो वर्गावर्गांत वाचत राहिला. मुलं प्रश्न विचारायला लागली, हा उत्तरं द्यायला लागला, येत नसेल तर विचारून सांगतो म्हणायला लागला. एकदा हुकूम आला की चालू तासात कुणाला पाणी प्यायला अडवू नये. दुसऱ्याच दिवशी कवायतीच्या सरांनी एका मुलीला अडवलं, तर ती शांतपणे म्हणाली, "सर, बुधवारची सूचना." सर तडक शिपायाच्या स्टुलापाशी आले. पोरांना चढवून ठेवतोस का, वगैरे. वहीमामा म्हणाला, मी फक्त वाचली सर, तुमची सही खाली आहे.

मोठ्या बाई निवृत्त झाल्या. नंतर आलेल्यांनी वाचन बंद केलं. वेळ जातो, शिस्त बिघडते, आणि शिपायाने वर्गात काय बोलायचं? त्यानंतर वही नुसती फिरायला लागली. शिक्षक शिकवता शिकवता डावा हात पुढे करायचे आणि डास मारावा तशी सही मारायचे. ‘वाचले’. कुणीही वाचलेलं नसायचं. फक्त वहीमामा, दोन मजल्यांच्या मधे जिन्याच्या वळणावर बसून, बोट फिरवत प्रत्येक हुकूम शेवटपर्यंत वाचायचा, कारण न वाचता कागद नेणं म्हणजे त्याला डोळे बांधून सायकल चालवल्यासारखं वाटायचं. अशी वर्षं गेली आणि एक गंमत झाली. अख्ख्या शाळेत नियम माहीत असलेला माणूस एकच उरला, आणि तो घंटा देत होता. शिक्षकसुद्धा रजेचं काही अडलं की हळूच जिन्यावर यायचे.

आता त्या वर्षीची गोष्ट. वार्षिक परीक्षा सोमवारी सुरू होणार होती. आधीच्या मंगळवारी वहीत एक चार ओळींची सूचना आली, शाळेचीच, मुख्याध्यापिकांच्या सहीची. ज्यांनी आधीची शाळा सोडल्याचा दाखला दिलेला नाही, त्यांची नावं शनिवारी हजेरीपटावरून कमी करण्यात येतील. खाली नाव एकच होतं, आठवीतल्या एका मुलीचं.

तिला वर्गात पाहुणी म्हणायचे. बाप फरशी बसवायचा. जिथे इमारत उभी राहील तिथे कुटुंब, आणि फरशी संपली की पुढच्या गावी. पाचवीपासूनची ही चौथी शाळा. मुलगी हुशार होती, पण आपल्यापुरतीच जागा घ्यायची. बाकाच्या कडेला बसायची, कुणाची पेन्सिल घ्यायची नाही, बोलली तर समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागायचं. आपण इथे कायमचे नाही हे इतक्या लहान वयात अंगात मुरलेलं.

वहीमामा वही घेऊन वर गेलाच नाही. उलट्या पावली कार्यालयात कारकुनाकडे गेला. कारकून भाऊसाहेब मनाने कोरडे नव्हते, पण तपासणीला घाबरायचे, आणि घाबरलेला माणूस कागदाच्या मागे लपतो. त्यांनी फाईल काढून दाखवली. मुलीच्या आधीच्या शाळेला तीन पत्रं गेली होती. तिसरं परत आलं होतं, कारण ती शाळाच बंद पडली होती. कागदपत्रं कुठल्या गोदामात गेली कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मग पोरीने दाखला आणायचा कुठून, भाऊसाहेब?"

"ते मला नका विचारू, मामा. दाखला नाही म्हणजे माझ्या लेखी मुलगी नाही."

"ती वर आठवीत बसलीय. हाक मारू का?"

भाऊसाहेबांनी फाईल मिटली. मग म्हणाले की बाईंना विचारा. वहीमामा मुख्याध्यापिकांकडे गेला. असा हुकूम फार पूर्वी येऊन गेलाय, त्याने सांगितलं. दाखल्यासाठी मुलाला परीक्षेपासून अडवायचं नाही, असा. बाईंनी चष्मा काढला. त्यांना असं काही आठवत नव्हतं. त्यांनी त्याच्यासमोर शिक्षण कार्यालयात फोन लावला. तिकडून विचारणा झाली की क्रमांक काय, तारीख काय. क्रमांकाशिवाय तिकडे ढिगातून शोधणार कोण?

"लेखी दाखवा, मामा," बाई म्हणाल्या. "दाखवलंत तर मी आत्ता नाव ठेवते. नाहीतर उद्या तपासणीत मीच अडकेन."

यात त्यांचं काही चुकलं नाही. लेखी मागणं हे तर वहीमामाचंच शास्त्र. हुकूम त्याला लख्ख आठवत होता. जिन्याच्या कठड्याला हिरवा रंग दिला होता त्या आठवड्यात आला होता. वाचताना हात कठड्याला लागला आणि पानाच्या कोपऱ्यावर हिरवा अंगठा उमटला होता. म्हणजे सहा वर्षं झाली. सहा वर्षांपूर्वीची वही काढायची, बस्स. तो कपाटाकडे निघाला आणि चार पावलांवर थांबला.

त्या वह्या कपाटात नव्हत्या. त्या त्यानेच दिल्या होत्या, इतिहासाच्या सरांना. चार वर्षांपूर्वी नागरिकशास्त्र कसं शिकवलं जातं ते बघायला पथक येणार होतं आणि सरांना वर्गाकडून संसद भवनाची प्रतिकृती करून घ्यायची होती. जाड, चिवट कागद हवा होता. सूचना-वह्या दहा वर्षं जपून ठेवायच्या, हा हुकूमही वहीमामाने स्वतःच फिरवलेला होता, पाठ होता. पण सर म्हणाले, "मामा, नागरिकशास्त्रासाठी आहे." या शब्दापुढे तो विरघळला. त्या विषयासाठी कुणीतरी काहीतरी मागतंय, याचंच त्याला इतकं अप्रूप वाटलं की पाच जुन्या वह्या त्याने स्वतः उचलून नेऊन दिल्या. पोरांनी पट्ट्या फाडल्या, खळ लावली, संसद उभी केली. पथकाने ‘उत्तम’ असा शेरा दिला. ज्या कागदांवर मुलांचे खरे हक्क लिहिले होते ते फाडून हक्कांची इमारत केली, आणि शेरा उत्तम. शिकवण्याची अख्खी तऱ्हा त्या एका शेऱ्यात आली.

संध्याकाळी त्याने हे बायकोला सांगितलं. ती ब्लाउजची बाही जोडत होती. त्याला वाटलं होतं ती टोमणा मारेल, आणि त्याला तेव्हा टोमणाच हवा होता. ती मशीन थांबवून म्हणाली, "तुमची चूक सांगायला लाज वाटतेय ना?"

त्याने खाली पडलेला दोऱ्याचा तुकडा उचलला.

"मग लाज तुमची, आणि वर्ष पोरीचं?" एवढं बोलून तिने पुन्हा मशीन सुरू केली.

बुधवारी शाळा भरायच्या आधी तो मुख्याध्यापिकांसमोर उभा राहिला आणि सगळं सांगून टाकलं. वह्या कुणी दिल्या, कधी, कोणता नियम मोडून. बाई ऐकत राहिल्या. इतिहासाच्या सरांना बोलावलं. सर आधी चिडले, वह्या आपण मागितल्या पण दिल्या तर यांनीच ना, म्हणाले. मग डोकं खाजवून त्यांना एक आठवलं. भिंती पुठ्ठ्याच्या होत्या. वह्यांचा कागद सगळा घुमटाला लागला होता. घुमट मोठ्या घमेल्यावर थर देऊन केला होता, आणि घमेल्याला लागून असलेल्या पहिल्या थराला खळ लावली नव्हती, नाहीतर सुटला नसता. वरून रंग होता, पण आतून?

आतून कुणी पाहिलं होतं?

प्रतिकृती ग्रंथालयात काचेच्या पेटीत होती. मधल्या सुट्टीत ती शिक्षक-खोलीतल्या टेबलावर आणली गेली. सरांनी जपून घुमट उचलला, जसं काही आत सभासद बसलेत, आणि तो वाडग्यासारखा उलटा ठेवला. शिक्षक डबे तसेच टाकून वाकले. आत पट्ट्याच पट्ट्या, आडव्या-उभ्या, कुठे अर्धं वाक्य, कुठे नुसतं ‘करण्यात येते’. आणि सह्या. सगळीकडे सह्या. ‘वाचले, वाचले, वाचले.’ एकेक शिक्षक आपापली सही ओळखून मागे सरकत होता. हिंदीच्या बाई हसायला लागल्या आणि मग हसू आवरून रुमाल शोधायला लागल्या.

वहीमामा अक्षरं शोधत नव्हता. तो हिरवा रंग शोधत होता. खाली, जवळजवळ कडेला, त्याला स्वतःचा अंगठा सापडला. अर्धाच, पण त्याचाच. त्याच्या वरच्या पट्टीवर होतं: ‘दाखल्याअभावी कोणत्याही विद्यार्थ्यास परीक्षेपासून वंचित’. पुढचं फाटलेलं. अंगठ्याच्या शेजारी तिरपा जावक क्रमांक, पूर्ण, तारखेसकट. आणि त्याच पट्टीवर एक लांब शेपटीची सही, जी सगळ्यांनी ओळखली, कारण ती रोज वहीत दिसायची. मुख्याध्यापिका तेव्हा सहावीच्या वर्गशिक्षिका होत्या.

बाईंनी वाकून ती सही पाहिली. "मी हे वाचलं होतं, मामा?" त्यांनी विचारलं.

"सही आहे, बाई," तो म्हणाला. टोमणा नव्हता तो, पण लागला जिथे लागायचा तिथे.

क्रमांक चिठ्ठीवर उतरवून घेऊन वहीमामा सायकलवर शिक्षण कार्यालयात गेला. खिडकीतला माणूस म्हणाला, सोमवारी या. सोमवारी परीक्षा होती. वहीमामाने भांडण काढलं नाही. त्याने विचारलं की प्रत किती दिवसांत द्यायची हे कुठे लिहिलंय ते दाखवता का, तोवर मी बसतो. बाकावर बसला. घरून आणलेली पोळी खाल्ली. समोरच्या भिंतीवरचे सगळे फलक वाचून झाले, तेव्हा एका फलकावरच उत्तर सापडलं: मागणीच्या दिवसापासून दोन दिवसांत. त्याने खिडकीतल्या माणसाला बाहेर बोलावून तो फलक दाखवला. माणूस तिथे अकरा वर्षं कामाला होता, त्याने तो कधी वाचला नव्हता. शुक्रवारी दुपारी प्रत मिळाली, आणि खिडकीतल्या माणसाने ती देताना चहा विचारला.

शनिवारी नाव कमी झालं नाही. मुख्याध्यापिकांनी मंगळवारची सूचना स्वतःच्या हाताने रद्द केली आणि खाली कारण लिहिलं. त्याच दिवशी त्यांनी वहीमामाला एक बंद पाकीट दिलं. आत लेखी ताकीद होती, जुन्या वह्या नियमाविरुद्ध दिल्याबद्दल. देताना बाई अवघडल्या होत्या. त्याने ती तिथेच उभ्या उभ्या वाचली. कुणी काढली, कुणाला लागू, कधीपासून. सगळं बरोबर होतं. पोच म्हणून सही करून त्याने मनापासून आभार मानले, आणि बाईंना कळेना की ताकीद दिल्याबद्दल आभार कसले. त्याला विचारलं असतं तर सांगताही आलं नसतं. दिवसभर त्याच्या मनात एक डबा खाणारी बाई होती, जिने झाडू मागणाऱ्याला झाडू दिला नव्हता. ती कधीच गेली होती, तिचे उपकार मानायला आता असं कुणी समोर नव्हतं. मग जे समोर येईल त्याचेच तो आभार मानत सुटला. कारकुनाचे, खिडकीतल्या माणसाचे, ताकिदीचेसुद्धा.

त्या ताकिदीबरोबर बाईंनी आणखी एक हुकूम काढला. पुढच्या वर्षापासून सूचना वर्गात मोठ्याने वाचायची, वाचणार शिपाई. इतिहासाच्या सरांनी त्यावर सही करायच्या आधी तो कागद दोनदा वाचला. शुक्रवारचा शेवटचा तास आपणही त्या सूचनांवरच घेऊ म्हणाले. ते खरंच घेतील की पुन्हा लढायांत रमतील, ते कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. पण माणूस म्हणाला तरी.

पाहुणीने सगळे पेपर दिले. शेवटच्या पेपरच्या दिवशी तिचा बाप कार्यालयात आला. नखांत सिमेंट, गुडघ्यांना फरशीवर बसून बसून पडलेले घट्टे. तो दारातच थांबला होता, वहीमामाने त्याला आत आणलं. बापाला आभार मानायचे होते, पण शब्द सुचत नव्हते, म्हणून तो कामाचंच बोलला. इथली फरशी संपली, पंधरा दिवसांत पुढच्या गावी जायचं. तो कागद, तो हुकूम, त्याच्या प्रती मिळतील का? तिथेही दाखला मागतील. त्याच्या पुढेही.

"किती हव्यात?" भाऊसाहेबांनी विचारलं.

बापाने मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "दहावीपर्यंत. आणि धाकटा भाऊ आहे."

भाऊसाहेबांनी सहा प्रती काढल्या. मग मनाशी काहीतरी ठरवल्यासारखं करून प्रत्येकीवर शाळेचा गोल शिक्का दाबला, कुणी मागितला नसताना. मुलगी टेबलाच्या कडेला उभी राहून एकेक प्रत वाचत होती. बोट वरून खाली. वहीमामा तिच्या ओठांकडे पाहत होता. एक शब्द अडला, तिने वर पाहिलं, त्याने सांगितलं, ‘वंचित’ म्हणजे काय ते, जसं त्याला कळलं होतं तसं. तिने मान हलवली आणि पुढे वाचू लागली. पाचव्या प्रतीवर ती थांबली.

"काका," ती भाऊसाहेबांना म्हणाली, आणि या वेळी कुणाला पुढे वाकावं लागलं नाही, "यावर शिक्का क्रमांकावर बसलाय. वाचता येत नाही. दुसरी द्याल?"

भाऊसाहेबांनी प्रत उजेडाकडे धरली, डोळे बारीक केले, आणि पुटपुटत दुसरी काढायला उठले.